फी माफ आहे, तरी पोरगी कॉलेजात का पोचत नाही?

विट्यात एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, पावसाळ्यात कागद न ओढणारा एक प्रिंटर आणि गिऱ्हाइकाला बसायला एक बाकडं, बास. पण बारावीचा निकाल लागला की जूनपासून पार दिवाळीपर्यंत त्या बाकड्यावर निम्मा खानापूर, निम्मा आटपाडी आणि पलीकडचा थोडा माण तालुका येऊन बसतो, आणि इतकी वर्षं तिथं बसलेल्यांशी बोलून मला एक कळलंय की पोरं कॉलेजात न पोचण्याचं कारण आपण पारावर बोलतो तेवढं सोपं नाही, "पैसे नाहीत" नाहीतर "मार्क नाहीत" एवढ्यावर ते संपत नाही, मार्क असतात, पैसेही असतात, सरकारच्या खात्यात का असेनात पण असतात, आणि तरी पोरगं मधेच कुठंतरी गळतं.

गेल्या जुलैतली गोष्ट सांगतो. आटपाडीकडची एक पोरगी आली, बरोबर तिचे आप्पा, मेंढपाळ माणूस, खांद्यावर घोंगडं, हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत सगळी कागदं गुंडाळी करून. पोरीला कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी सामायिक प्रवेश फेरीतून, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची सीट लागली होती. कॉलेजनं दिलेला फीचा कागद तिनं माझ्यापुढं ठेवला, वर शिक्षण शुल्क, खाली विकास शुल्क, मग परीक्षा, डिपॉझिट, विमा, काय काय, आणि शेवटी बेरीज, लाखाच्या वर. मी म्हटलं मामा, मुलींना शिक्षण शुल्क माफ आहे, काळजी करू नका. त्यांनी तो कागद उलटा केला, सुलटा केला, आणि म्हणाले, "माफ हाय म्हंताय, आन् कागदावर तर आकडा लिवलाय की."

या एका वाक्यात सगळा विषय आहे.

आता नियम काय आहे ते आधी साध्या भाषेत सांगतो. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं जीआर, म्हणजे शासन निर्णय, काढला, त्यानुसार २०२४-२५ पासून व्यावसायिक कोर्सला जाणाऱ्या ईडब्ल्यूएस (खुल्या गटातले आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट) आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के सरकार भरतं, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत पाहिजे. व्यावसायिक म्हणजे इंजिनिअरिंग, फार्मसी, मेडिकल, लॉ, बीएड वगैरे. अट अशी की प्रवेश सरकारी कॅप राउंडमधून झालेला पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की योजना गेली, आणि खासगी अभिमत, म्हणजे डीम्ड, विद्यापीठात गेलात तरी गेली. इथं फार लोक फसतात, कारण अभिमत विद्यापीठाची जाहिरात बघून कुणाला कळत नाही की हे "त्यातलं" कॉलेज नाही, बोर्ड सारखाच असतो, गेट उलट जास्त मोठं असतं.

आणि दुसरं म्हणजे "फी" या शब्दातच घोळ आहे. आईबापाच्या दृष्टीनं फी म्हणजे कॉलेजात भरायचे एकूण पैसे. सरकारच्या दृष्टीनं फी म्हणजे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क, एवढंच. विकास शुल्क त्यात नाही, डिपॉझिट नाही, हॉस्टेल नाही, मेस नाही, ड्रॉइंगचं सामान नाही. म्हणजे टीव्हीवर ऐकलेलं "मुलींना मोफत शिक्षण" खोटं नाही आणि आप्पांनी बघितलेला आकडाही खोटा नाही, दोन्ही खरे आहेत आणि मधे पोरगी उभी आहे.

मुलांना, म्हणजे पोरग्यांना, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं, उत्पन्नाची मर्यादा तीच ८ लाख. अनुसूचित जातीसाठी पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे, तिथं मर्यादा अडीच लाख, त्यातले ६० टक्के केंद्राचे आणि ४० टक्के राज्याचे. अडीच लाखांच्या वर उत्पन्न गेलं तर फ्रीशिप नावाची वेगळी सोय आहे, त्यात फीचा भार जातो पण निर्वाह भत्ता मिळत नाही. आमच्याकडं लोक दोन्हीला "स्कॉलरशिप"च म्हणतात, आणि मग चुकीच्या योजनेत फॉर्म भरून येतात. हे सगळं महाडीबीटी नावाच्या एकाच पोर्टलवर आहे, ही चांगली गोष्ट. पण पोर्टल एक झालं तरी खाती वेगवेगळीच राहिली, समाजकल्याण वेगळं, इतर मागास बहुजन कल्याण वेगळं, तंत्रशिक्षण वेगळं, अल्पसंख्याक वेगळं, आदिवासी विकास वेगळं, प्रत्येकाची तपासणी वेगळी आणि प्रत्येकाचे पैसे सुटायची वेळही वेगळी.

बरं, ही दरी किती मोठी आहे ते बघायला एक आकडा असतो, सकल नोंदणी प्रमाण. नाव जड आहे, अर्थ सोपा आहे: १८ ते २३ वयाच्या दर १०० पोरांमागं कॉलेजात किती नावं आहेत. २०२१-२२ च्या केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण पाहणीत देशाचा आकडा २८.४ होता, अनुसूचित जातींचा २५.९ आणि अनुसूचित जमातींचा २१.२. मुस्लिम समाजाचं चित्र त्याहून काळजीचं, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येत वाटा १४.२ टक्के, आणि त्याच पाहणीत कॉलेजातल्या एकूण पोरांत मुस्लिम पोरं ४.८७ टक्के, म्हणजे पाचही नाहीत. नव्या शैक्षणिक धोरणानं २०३५ पर्यंत देशाचा आकडा ५० वर न्यायचं ठरवलंय. ठरवायला काय जातंय, पण आकडा वर जायचा तर तो आप्पांच्या पिशवीतल्या कागदांवरूनच जाणार आहे.

मी हे एवढं तावातावानं का सांगतोय तर माझं स्वतःचं असंच झालंय. २००८ साली मलाही इंजिनिअरिंगची सीट लागली होती. वडील यंत्रमागावर कामाला, दोन शिफ्ट. कॉलेजच्या काउंटरवर सांगितलं की आधी पूर्ण फी भरा, स्कॉलरशिप आली की परत देऊ. वडिलांनी विचारलं कधी येईल, तर तो क्लार्क म्हणाला ते काय आमच्या हातात नाही. झालं. आम्ही परत आलो, येताना बसमध्ये वडील काही बोलले नाहीत, फक्त उतरताना म्हणाले की बीएस्सी पण चांगलं असतंय. मी बीएस्सी केलं, त्याबद्दल तक्रार नाही, पण पाच-सहा वर्षांनी दुसऱ्याच एका पोराचा फॉर्म भरताना कळलं की माझी फी सरकार भरणार होतं आणि ती माझ्याकडून आधी मागायलाच नको होती. पात्र पोराकडून शिष्यवृत्तीच्या वाट्याची रक्कम प्रवेशाच्या वेळी घेऊ नये असे आदेश सरकार काढत आलंय. काउंटरवर मात्र आदेश पोचलेला नसतो, किंवा पोचलेला असतो आणि ड्रॉवरमध्ये असतो. कॉलेजचंही एक म्हणणं आहे, आणि ते अगदीच चूक नाही, की सरकारकडून पैसे यायला वर्ष-वर्ष लागतं, तोवर प्राध्यापकांचे पगार कशातून करायचे. म्हणजे सरकारच्या उशिराचं व्याज शेवटी गरिबाच्या पोरानं भरायचं, असा हिशोब बसतो.

पैसे मिळणार याची खात्री आधीच दिली तर काय होतं, यावर अमेरिकेत एक भारी प्रयोग झालाय. मिशिगन विद्यापीठ तिथलं नावाजलेलं सरकारी विद्यापीठ, गरिबाघरच्या हुशार पोरांना तिथं तसंही बहुतेक सगळं शिक्षण शुल्क माफच व्हायचं, पण फॉर्म भरल्यावर, उत्पन्न तपासल्यावर, शेवटी. तरी ती पोरं अर्जच करायची नाहीत. २०१५ मध्ये त्यांनी काय केलं, काही पोरांना बारावीच्या सुरुवातीलाच घरी एक छान रंगीत पाकीट पाठवलं, की तुला प्रवेश मिळाला तर चार वर्षं फी नाही, आम्ही आत्ताच लिहून देतो. पैसे जवळपास तेवढेच, फक्त शब्द आधी दिला. पाकीट न मिळालेल्या पोरांपैकी २६ टक्क्यांनी अर्ज केला होता, पाकीट मिळालेल्यांपैकी ६८ टक्क्यांनी. प्रत्यक्ष प्रवेश घेणारे १२ चे २७ टक्के झाले. एका पाकिटानं, राव. आपल्याकडं उलटं आहे, फी माफीची बातमी मंत्रालयातून येते, आकड्याचा कागद कॉलेजातून येतो, आणि घरी लिहून असं कुणीच काही देत नाही.

आता कागदांकडं येऊ, कारण खरी गळती तिथं आहे.

उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून निघतो, त्याला आधी तलाठ्याचा अहवाल लागतो. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असं ठरलंय पण गावात तलाठीच म्हणतात. तो दाखला साधारण ३१ मार्चपर्यंतच चालतो, म्हणजे हौसेनं फेब्रुवारीत काढून ठेवलेला जूनमध्ये उपयोगाचा नाही, हे दरवर्षी कमीत कमी दहा जणांना मला सांगावं लागतं आणि दहाही जण माझ्यावरच चिडतात. नॉन क्रीमी लेयरला, म्हणजे आरक्षणातलं घर उत्पन्नाच्या मर्यादेत बसतं या दाखल्याला, तीन वर्षांचं उत्पन्न. जातीचा दाखला प्रांताच्या सहीचा, आणि त्यानंतर जात वैधता, म्हणजे व्हॅलिडिटी, तो जातीचा दाखला तपासून खरा ठरवल्याचं प्रमाणपत्र, ती जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडून, आमच्यासाठी म्हणजे सांगलीला हेलपाटा. एक चांगली गोष्ट सांगून ठेवतो, जात, उत्पन्न, रहिवास असले दाखले काढायला जे प्रतिज्ञापत्र लागतं त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही, साध्या कागदावर चालतं. कुणी पाचशेचा स्टॅम्प आणा म्हटलं तर आधी दोनदा विचारा.

व्हॅलिडिटीला जुना पुरावा लागतो. किती जुना, तर अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, विमुक्त भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. म्हणजे आज १८ वर्षांच्या पोरानं त्याच्या आजाचा नाहीतर पणज्याचा शाळेचा दाखला आणायचा. ज्यांचे आजोबा शाळेत गेले त्यांना हे जमतं. पण व्यवस्था ज्यांच्यासाठी केलीय त्यांचे आजोबा शाळेत गेलेच नव्हते, म्हणून तर व्यवस्था केली ना?

एक वडार समाजाचा पोरगा होता, फार्मसीला जायचं होतं. घरात आजा, चुलत आजा, कुणीच शाळा बघितलेली नाही, सगळी हयात दगड फोडण्यात आणि विहिरी खणण्यात गेली, आज या गावात तर उद्या त्या गावात. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नाव मिळायचा प्रश्नच नाही. अशा वेळी कोतवाल बुक बघायचं असतं. पूर्वी गावात जन्म-मृत्यूची नोंद कोतवालाकडं असायची, त्या नोंदीत बापाचं नाव आणि जात लिहिलेली असायची, ती जुनी बुकं तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये बांधून ठेवलेली असतात. मी आणि तो पोरगा दोन शनिवार तिथं गेलो, मोडीत लिहिलेली काही पानं वाचायला एका रिटायर्ड गुरुजींना चहा पाजून बरोबर नेलं, आणि दुसऱ्या शनिवारी दुपारी पणज्याच्या नावानं एका मुलीच्या जन्माची नोंद सापडली, साल १९५३, पुढं जात लिहिलेली "वडर". ती मुलगी म्हणजे या पोराच्या आजाची थोरली बहीण, लहानपणीच वारली, घरात कुणाला तिचं नावही माहीत नव्हतं. पोरगा त्या पानाकडं बघतच बसला. तिच्या त्या एका ओळीवर त्याची व्हॅलिडिटी झाली. आणि एकाची झाली की वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या बाकीच्यांचं काम पुष्कळ हलकं होतं, त्यामुळं चुलत्यांकडं कुणाची झालीय का हे पहिलं विचारा, भांडण असलं तरी विचारा. कित्येक घरात बांधाच्या वादापायी चुलतभावाच्या व्हॅलिडिटीची झेरॉक्स मिळत नाही. हे सरकारच्या कुठल्या पाहणीत येणार?

आधार आणि बँकेचं प्रकरण वेगळंच. महाडीबीटीचे पैसे खाते नंबर बघून येत नाहीत, आधार ज्या बँकेला शेवटचं जोडलंय त्या खात्यात जातात. पोरगं कधीतरी बाजारात सिमकार्ड घ्यायला गेलेलं असतं, तिथं अंगठा घेताघेता कुठल्यातरी पेमेंट बँकेत खातं उघडलेलं असतं, आणि आधार तिकडं जोडलं गेलेलं असतं. मग पैसे येतात, पण त्या खात्यात, ज्याचं पासबुक नाही न् ज्याची आठवणही नाही. वर्षभर "स्कॉलरशिप आली नाही" म्हणून रडणाऱ्या एका पोरीचे पैसे अशाच खात्यात पडून होते. आणि ओटीपी! आधारला जो मोबाइल नंबर जोडलेला असतो तो बहुतेक वेळा चार वर्षांपूर्वी रिचार्ज न केल्यानं बंद पडलेला असतो, आता तो नंबर दुसऱ्याच कुणाकडं, आणि आमचा ओटीपी त्याला जातोय. आधार सेंटरला जाऊन नंबर बदलायचा म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवायची. म्हणून मी सांगतो की दहावीच्या सुट्टीतच आधारचा नंबर, बँकेची जोडणी आणि जातीचा दाखला उरकून घ्या, दोन वर्षं हातात असतात. पण दहावीच्या सुट्टीत पोरं द्राक्षबागेत नाहीतर पोल्ट्रीवर कामाला असतात, हे पण खरं आहे.

अल्पसंख्याक पोरांचं थोडं वेगळं सांगायला पाहिजे, कारण तिथं गैरसमज दुप्पट आहेत. पहिली गोष्ट, अल्पसंख्याक म्हणजे फक्त मुस्लिम नाही, आपल्या राज्यात मुस्लिम, ख्रिश्चन, बौद्ध, शीख, पारशी, जैन आणि ज्यू, एवढे सगळे येतात. सांगली भागात जैन समाज मोठा आहे, त्यातली अल्पभूधारक शेतकऱ्यांची पोरं माझ्याकडं येतात आणि आपण अल्पसंख्याक योजनेत बसतो हे त्यांना पटतच नाही. राज्याची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती व्यावसायिक आणि उच्च शिक्षणाला आहे, उत्पन्न मर्यादा ८ लाख, आणि मौलाना आझाद महामंडळाकडून शिक्षणासाठी कमी व्याजाचं कर्ज मिळतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी अशा कितीतरी मुस्लिम जाती महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. म्हणजे तांबोळ्याच्या पोरीला ओबीसीचं आरक्षणही मिळू शकतं आणि मुलींची फी माफीही. पण त्या घरात जातीचा दाखला काढायची पद्धतच नसते. एक अम्मी मला म्हणाल्या, "भाई, आपल्यात जात कुठं असती?" मी म्हटलं खाला, धर्मात नसेल, महसूल खात्यात असती. त्यांच्या सासऱ्यांच्या शाळेच्या दाखल्यावर "मुसलमान तांबोळी" असं लिहिलेलं निघालं, नशीब. जिथं नुसतं "मुसलमान" लिहिलेलं असतं तिथं मात्र गाडं अडतं, आणि अशी घरं भरपूर आहेत.

फीच्या पलीकडचा खर्च, म्हणजे राहायचं आणि खायचं, ही खरी मोठी गोष्ट, आणि आपल्या साताऱ्यानं ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी ओळखली होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्याला आणली, आणि तिथं त्यांनी मोठा जोर कशावर दिला असेल तर बोर्डिंगवर. सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली, एका पंगतीत. १९२७ मध्ये गांधीजी येऊन गेले त्या बोर्डिंगला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले ही गोष्ट तर जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत सांगतात. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं तेव्हा "कमवा आणि शिका" होतंच. कर्मवीर अण्णांना जे कळलं होतं ते असं की खेड्यातल्या पोराला शाळेचं दार उघडं करून दिलं तरी रात्री झोपायचं कुठं आणि सकाळी खायचं काय याचं उत्तर नसेल तर ते दार त्याच्यासाठी बंदच आहे. त्याच साताऱ्यात ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांचं नाव हायस्कुलात घातलं गेलं, म्हणून आपण तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो.

आजचं बोर्डिंग म्हणजे सरकारी वसतिगृह, आणि तिथं नंबर लागला नाही तर स्वाधार योजना. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध पोरांना खोली भाड्यानं घेऊन राहायला आणि जेवायला सरकार थेट पैसे देतं, पुण्या-मुंबईसारख्या शहरात वर्षाला ६०,००० पर्यंत, इतर काही मोठ्या शहरांत ५१,०००, जिल्ह्याच्या गावी ४३,०००.  आदिवासी पोरांना स्वयम् योजना, ओबीसी आणि भटक्या विमुक्तांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या पोरांना पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. नावं पाठ करायची गरज नाही, एवढं लक्षात ठेवा की फीचा फॉर्म वेगळा आणि राहण्या-खाण्याचा फॉर्म वेगळा, एक भरला की दुसरा आपोआप होत नाही. निम्मी पोरं दुसरा भरतच नाहीत. आणि भरला तरी पैसे सहामाही संपल्यावर येतात, घरमालक आणि मेसवाली मावशी महिन्याच्या पाच तारखेला मागतात.

जी पोरं राहत नाहीत, जाऊन-येऊन करतात, त्यांचं गणित एसटीवर असतं. बारावीपर्यंत मुलींना पास फुकट असतो. तेरावीला तो संपतो, मग सवलतीचा पास काढावा लागतो, एकतृतीयांश भाड्यात. पैसे फार नाहीत हो, पण ज्या घरात आधीच "एवढी शिकून काय करायची" असं चाललंय त्या घरात ही पहिली नवीन मागणी असते. आणि संध्याकाळची गाडी चुकली तर पुढची कधी, हा प्रश्न जत नाहीतर माणकडच्या बापाला फीपेक्षा मोठा वाटतो. त्याला जुन्या विचाराचा म्हणून मोकळं होता येत नाही, अंधारात फाट्यावर पोरगी उभी राहणार आहे ती त्याची आहे.

ऑप्शन फॉर्मचं, म्हणजे कुठली कॉलेजं पाहिजेत त्या यादीचं, पण बघा. पोरं जवळची तीन कॉलेजं टाकतात आणि थांबतात. ९० च्या वर पर्सेंटाइल असलेल्या पोरानं सांगलीचं वालचंद किंवा कराडचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज टाकलेलंच नसतं, का तर "तिथं आपला नंबर लागणार नाही." अरे टाकून तर बघ, टाकायला पैसे पडत नाहीत! सरकारी कॉलेजची फी खासगीच्या मानानं कितीतरी कमी असते, आणि लोकांना वाटतं मोठं नाव म्हणजे मोठी फी. शहरातल्या पोराला हे मामा-काका सांगतात. आमच्या पोरांचे मामा गलाईच्या, म्हणजे सोनं गाळायच्या, दुकानात केरळला असतात, त्यांना सोन्याचा टंच काढता येतो, कटऑफ नाही.

परत अमेरिकेचं सांगतो, शेवटचं. तिथं पण कॉलेजच्या मदतीसाठी असाच एक लांबलचक सरकारी फॉर्म असतो. संशोधकांनी एक प्रयोग केला, टॅक्सचं रिटर्न भरून देणाऱ्या दुकानात गरीब घरातली माणसं आली की रिटर्नबरोबर तिथंच काही मिनिटांत तो फॉर्म पण भरून द्यायचा. ज्यांना असा भरून दिला त्यांच्या बारावीतल्या पोरांचं कॉलेजात जायचं आणि टिकायचं प्रमाण २८ टक्क्यांवरून ३६ वर गेलं. दुसऱ्या एका गटाला नुसती माहिती दिली, की तुम्हाला एवढी मदत मिळू शकते, फॉर्म तुम्ही भरा. त्यांच्यात काहीच फरक पडला नाही. हे वाचलं तेव्हा मी दुकानात एकटाच हसलो, कारण पत्रकं, फ्लेक्स, मार्गदर्शन शिबिरं, पाहुण्यांचा सत्कार, हे सगळं नुसती माहिती. आणि बाकड्यावर शेजारी बसून एकेक रकाना भरणारा माणूस, तो कुठल्याच योजनेत नाही. कॉलेजात एक खिडकी अशी ठेवली, की पोरगं कागदं घेऊन आलं तर काम झाल्याशिवाय परत जाणार नाही, तर दहा शिबिरांचं काम होईल. काही कॉलेजं करतात हे, मनापासून करणारे क्लार्कही मी बघितलेत, जेवणाचा डबा बाजूला सारून पोर्टलवर व्हाउचर रिडीम, म्हणजे मंजूर पैसे सोडवायची पायरी, करून देणारे.

आणि पहिल्या वर्षी झालं म्हणजे झालं असं नाही. दुसऱ्या वर्षी रिन्यूअल असतं, उत्पन्नाचा नवा दाखला असतो, हजेरी ७५ टक्के भरलेली लागते. ऊसतोडीला गेलेल्या आईबापाची थोरली पोरगी धाकट्यांसाठी घरी थांबते, हजेरी जाते, हप्ता अडकतो. मग कॉलेज म्हणतं बाकी भरा, परीक्षेचा फॉर्म थांबवतो. मी बघितलेली निम्मी गळती पहिल्या वर्षाच्या शेवटी झालीय, आठ-दहा हजारांच्या बाकीपायी, आणि तिची बातमी होत नाही कारण पोरगं काही बोलत नाही, नुसतं यायचं बंद होतं.

म्हणून मी काउंटरवर एक वही ठेवलीय, दोनशे पानी. फॉर्म भरला की नाव, गाव, कुठं अडलंय, आणि पुढं कधी फोन करायचा. आटपाडीच्या त्या पोरीच्या नावापुढं आधी लिहिलं होतं "आधार नंबर बंद", मग "व्हॅलिडिटी चुलत्याची मिळाली", मग "शिक्षण शुल्क माफ, वि. शु. बाकी". कॉलेजात मी स्वतः फोन लावून विकास शुल्काचे तीन हप्ते पाडून घेतले, आप्पांनी चार मेंढरं काढली आणि पहिला हप्ता भरला. पावती दाखवायला परत दुकानात आले, मला म्हणाले यावर माफ हाय असं कुठं लिवलंय ते दाखव. शिक्षण शुल्काच्या रकान्यात शून्य होतं, त्यावर मी बोट ठेवलं. त्यांनी ते शून्य बराच वेळ बघितलं आणि पावतीची दोन झेरॉक्स काढायला सांगितली.

आता तिचं रिन्यूअल आलंय. वहीत आज एकतीस नावं बाकी आहेत आणि पोर्टल दुपारपासून नुसतं फिरतंय, त्यामुळं उद्या सकाळी सहालाच दुकान उघडतो, तेव्हा जरा चालतं.